बघू डॉक्टरांचा संशय

निपाणीत आमच्या डॉक्टरांना त्यांच्या खऱ्या नावानं कुणी ओळखत नसे. सगळे ‘बघू डॉक्टर’ म्हणत, कारण त्यांना काहीही सांगा, ते म्हणत, “बघू.” पोटात दुखतंय म्हटलं तरी “बघू”, आणि आता थांबलं म्हटलं तरी “बघू”. कानडी बोलणारा शेतकरी आला तर “नोडोण” म्हणत, एवढाच फरक. सणावारी कुणी पाया पडून “बरं हाय न्हवं डॉक्टर?” असं विचारलं, तर स्वतःच्या तब्येतीबद्दलही तेच उत्तर. माणसाच्या जिभेवर त्यांचा विश्वासच नव्हता. जीभ ते बघत, पण ती बाहेर काढायला लावून. तिनं सांगितलेलं मनावर घेत नसत.

ह्या माणसानं एकदा माझ्यावर विष घातल्याचा संशय घेतला होता. तरी मी त्यांच्याबद्दल मायेनं लिहायला बसले आहे, ह्याचं आमच्या घरातल्या पुष्कळांना नवल वाटेल. वाटू दे.

मी बेळगावजवळच्या शहापूरची. वडिलांचे चार माग होते, घरात दिवसभर खटखट चाले. सातवी पास झाले आणि निपाणीत दिली. आमचे हे तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि सासूबाई. सासूला तिकडं आत्ती म्हणतात, मीही आत्तीच म्हणायची. निपाणीत पहिले सहा महिने मी नुसती शिंकत होते. तिथल्या हवेतच तंबाखूचा खकाणा असतो, आणि गावात कुणालाही खोकला झाला, दम लागला, की तो तंबाखूच्या नावावर टाकून लोक मोकळे होतात. बघू डॉक्टर तेवढे होत नसत. “तंबाखू बोलत नाही म्हणून सगळे तिच्यावर ढकलतात,” असं ते म्हणायचे.

डॉक्टर मूळचे बेळगावचे, जुन्या ब्राह्मण घरातले. बायको लवकर गेलेली, एक मुलगी बेळगावातच दिलेली. उंच, वाकलेले, काळा कोट, आणि चालताना मान किंचित तिरकी, जणू पाठीमागून कुणी येतंय का ते बघतायत. विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली जानव्याला बांधलेली असे. कंपाउंडर त्यांच्याकडे वीस वर्षं होता, पण ती किल्ली त्याच्या हाती कधी गेली नाही. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. “माझ्यावर इस्वास न्हाय, पर सवताच्या कोटाच्या खिशावर तरी कुठं हाय?” असं तो हसत सांगायचा. ते खरंच होतं. किल्ली जानव्याला आहे ना, हे डॉक्टर दर घटकेला चाचपून बघत.

दुखणेकऱ्याच्या घरी ते पुढच्या दारानं कधी येत नसत. मागच्या परड्यातून येत. पुढच्या दारानं येणाऱ्या डॉक्टरला लोक दाखवायचं तेवढंच दाखवतात, असं त्यांचं मत. परड्यात उष्टी भांडी असतात, चुलीची राख असते, तिथं घर खरं बोलतं. एका शेतकऱ्याला त्यांनी मुरड्यावर गोळ्या दिल्या होत्या. “समद्या घेतल्या व्हय, शपथ!” असं तो सांगत होता. डॉक्टर म्हणाले, “शपथ घेतलीस तिथंच मला शंका आली,” आणि थेट कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातला. गोळ्या तिथं होत्या. कोंबड्यांनीसुद्धा त्या खाल्ल्या नव्हत्या.

नाडीवर त्यांचा थोडा विश्वास होता. थोडाच. मनगट धरून घड्याळाकडे बघत ठोके मोजायचे, मग दुसरं मनगट धरायचे, मग छातीला नळी लावून तिथले मोजायचे. मनगट एक सांगतं आणि छाती दुसरं, असं काही वेळा होतं म्हणे. हृदय धडपडतं, पण त्याचे सगळे ठोके हातापर्यंत पोचत नाहीत. घड्याळाचाही त्यांना भरवसा नव्हता. बेळगावला गेले की कॅम्पातल्या चर्चच्या घड्याळाशी ते लावून बघायचे, आणि परत येऊन सांगायचे, “चर्चचं घड्याळ पुढे जातंय असं वाटतं.”

आत्ती आजारी पडल्या तो हंगामाचा काळ होता. आधी पाय सुजले. मग आडवं झालं की दम लागायचा, रात्र रात्र भिंतीला टेकून बसायच्या. काळीज कोंडलेल्या पाखरासारखं फडफडतंय असं त्या म्हणत. गल्लीनं ठरवलं, तंबाखू. डॉक्टर परड्यातून आले, दोन्ही मनगटं बघितली, नळी लावली. मग म्हणाले, “काळीज पळतंय. आणि नुसतं पळत नाही, ताल सोडून पळतंय.”

त्यांनी एक तपकिरी बाटली दिली, डिजिटॅलिसचा अर्क. त्या औषधाचं नाव घेतानासुद्धा त्यांचा आवाज खाली जायचा. थेंबाथेंबानं द्यायचं, पाण्यातून, तिन्ही वेळा. बाटली देताना त्यांनी आत्तींना जे सांगितलं, ते मी चुलीपाशी उभी राहून ऐकलं होतं. “हे मी देतोय, पण ह्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. थोडं दिलं तर औषध, जरा जास्त झालं तर विष. माझ्याशिवाय कुणाच्या सांगण्यावरून कमीजास्त करायचं नाही. आणि दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही.” आत्ती म्हणाल्या, “यल्लम्माची आन, न्हाय देणार.” डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, माझ्याकडून दोरा मागून घेतला, बाटलीतलं औषध जिथपर्यंत होतं तिथं तो बांधला. रोज येऊन दोरा खाली सरकवायचे. ठरल्यापेक्षा औषध कमी दिसलं तर खैर नव्हती.

आठ दिवसांत सूज उतरली. आत्ती झोपायला लागल्या, मग उठायला लागल्या, मग माझ्या भाकरीला नावं ठेवायला लागल्या. त्यावरून त्या बऱ्या झाल्या हे सगळ्यांना कळलं. येईल त्याला त्या ती बाटली दाखवायच्या. देव्हाऱ्यात ठेवली होती, हळदकुंकू लावून. डॉक्टरांनी ते बघितलं आणि म्हणाले, “सापाची पूजा करता ती ठीक आहे. पण साप आहे हे विसरू नका.”

पुढच्या महिन्यात आत्तींची थोरली बहीण चिकोडीहून बघायला आली. तिला आम्ही मावशी म्हणत असू. मावशीची एक इच्छा होती, आपल्या नणंदेची मुलगी आमच्या ह्यांना द्यायची. ती राहून गेली, आणि त्या जागी मी आले होते. माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. मग काय, मावशीला आयतंच मिळालं. मी परड्यातल्या पिवळ्या कण्हेरीची फुलं देवाला काढत असले, तर मागून म्हणायची, “झाडाला किती फुलं बगा. झाडाला तरी हाईत.” एक दिवस मीही ऐकवलं. म्हटलं, “मावशी, पाहुण्यानं चार दिवस राहावं, मग पाहुण्याची शोभा जाते.” हे गल्लीत दोघींनी ऐकलं. म्हणजे सगळ्या गावानं ऐकलं.

मावशीची तब्येतही बरी नव्हती. चालली की घेरी यायची, पायऱ्या चढताना बसायची, दम लागतो म्हणायची. पण ती काही कुणाची पेशंट नव्हती, पाहुणी होती. डॉक्टर आत्तींना बघायला यायचे तेव्हा ती डोक्यावर पदर घेऊन आतल्या खोलीत बसायची.

पंधरवडा गेला असेल. मावशीचं अन्नावरचं मन उडालं. ताट पुढ्यात घेऊन बसायची आणि सरकवायची. एके दिवशी म्हणाली, “भातात काय घातलंस गं? पिवळा दिसतोय.” मी म्हटलं, काही नाही, पांढरा आहे. “मग ताकात? ताक बी पिवळं दिसतंय.” आत्तींनी बघितलं, भात पांढरा, ताक पांढरं. त्या मावशीकडे बघून गप्प राहिल्या, आणि मग माझ्याकडे बघून गप्प राहिल्या. ते दुसरं मला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला ओकाऱ्या सुरू झाल्या. थांबेनात. हातपाय गार पडले, डोळे फिरवले. शेजारची बाई पाणी द्यायला आत आली आणि बाहेर जाऊन तिनं एकच वाक्य टाकलं, “त्यांच्या परड्यात कण्हेर हाय.” आमच्याकडे कण्हेर काय करते हे सांगावं लागत नाही. तिची बी आणि मूळ किती बायकांनी उगाळून घेतलं असेल आणि किती जणींना घातलं गेलं असेल, देव जाणे. मी चुलीपुढं बसले होते. मला ते वाक्य ऐकू आलं, आणि त्याच्यानंतर अंगणात जी शांतता पडली तीही ऐकू आली. उद्यापर्यंत ही बाई मेली, तर मी फौजदाराच्या दारात उभी असेन, हे मला लख्ख दिसलं.

ह्यांना वखारीतून बोलावून आणलं. हे मावशीपाशी गेले, बाहेर आले, कुऱ्हाड घेतली आणि परड्यात गेले. कण्हेर बुंध्यातून तोडली. फांद्या ओढत नेऊन गवताच्या गंजीमागं दाबल्या. मी दारात उभी राहून बघत होते. परत येताना ते माझ्याजवळ थांबले, पण बघत होते जमिनीकडे. हळूच म्हणाले, “कुणी इचारलं तर झाड पंधरा दिसांमागंच तोडलंय म्हण. मी हाय. भिऊ नगंस.”

मी भ्याले नव्हते. ते वाक्य ऐकल्यावर भ्याले.

तेवढ्यात बघू डॉक्टर आले, अर्थात परड्यातून. आत यायच्या आधी ते बुंध्यापाशी थांबले. “हे कधी तोडलं?”

“झालं की पंधरा दिस,” हे म्हणाले.

“बघू,” डॉक्टर म्हणाले, आणि काठीचं टोक त्या बुंध्यावर दाबलं. पांढरा चीक वर आला. त्यांनी काठी गवताला पुसली आणि आत गेले. जे झाड मला वाचवायला तोडलं होतं, त्यानंच आता माझ्यावर बोट दाखवलं होतं.

मावशीची नाडी त्यांनी इतका वेळ धरली की मला वाटलं संपलं सगळं. एक ठोका यायचा, मग थांबायचा, पुन्हा येईल की नाही असं वाटायचं. डॉक्टरांनी बरोबर आलेल्या कंपाउंडरला इंजेक्शनाची पेटी आणायला पिटाळलं आणि मावशीच्या कानाशी वाकून विचारलं, “काय खाल्लं होतं?”

“हिनं भातात कायतरी घातलं,” मावशी कण्हत म्हणाली. “पिवळा हुता भात.”

मग माझी पाळी. “कण्हेरीला हात कोण लावतं?” “मीच. रोज देवाला फुलं काढते.” “सैपाक कोण करतं?” “मीच.” “मावशींशी भांडण झालं होतं?” “व्हय.” त्यांनी पाटा-वरवंटा हुंगला. चुलीतली राख काठीनं उकरली. मसाल्याचा डबा उघडला, बोटांवर घेऊन चोळला. मी म्हटलं, “डॉक्टर, मी काही केलं नाही.” ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत दया नव्हती आणि रागही नव्हता. “सगळे हेच सांगतात,” ते म्हणाले. “ज्यांनी केलेलं असतं तेही, आणि नसतं तेही. म्हणून मी ऐकत नाही, बघतो.” आणि ह्यांना म्हणाले, “अण्णा, फौजदाराला निरोप द्यावा लागेल.”

फौजदार म्हटल्याबरोबर आत्तींनी भिंतीला डोकं टेकलं आणि रडायला लागल्या. रडता रडता त्यांना धाप लागली, त्या खाली बसल्या. डॉक्टरांनी सवयीनं त्यांचं मनगट धरलं. आणि सोडेनात. दुसरं धरलं. नळी काढली.

“काल मी आलो नव्हतो. परवा नाडी थोडी चढली होती, म्हटलं घरात पाहुणे, दगदग,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “आज पहिल्या दिवसासारखी पळतेय. का?”

“भ्या वाटलं वो डॉक्टर,” आत्ती म्हणाल्या.

“भीतीनं काळीज पळतं ते ताल धरून पळतं. हे बेताल पळतंय.” मग एकदम, “उलटी? अन्नावर वासना?”

“मी तर दोन भाकऱ्या खाल्ल्या.”

“म्हणजे जास्त घेतलं नाहीत. बाटली आणा.”

मी देव्हाऱ्यातून बाटली आणली. दोरा जिथल्या तिथं, औषध बरोबर दोऱ्यापर्यंत. माझा जीव भांड्यात पडायचं काही कारण नव्हतं, पण पडला. निदान ह्यात तरी माझ्यावर काही येणार नाही. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. आतलं औषध गढूळ दिसत होतं. बूच काढून वास घेतला. मग एक थेंब जिभेवर ठेवला, आणि थुंकले. त्या औषधाचा कडूपणा सबंध दिवस जिभेवरून जात नाही, हे आत्तींकडून आम्ही रोज ऐकत होतो. डॉक्टरांचं तोंड जरासुद्धा वाकडं झालं नाही.

“पाणी,” ते म्हणाले. “दोऱ्यापर्यंत पाणी.”

मग त्यांनी आत्तींकडे बघितलं आणि आतल्या खोलीकडे बघितलं. “ह्या घरात एकीची नाडी चढलीय आणि दुसरीची उतरलीय. औषध बाटलीत नाही. मग ते गेलं कुठं, आत्याबाई?”

आत्तींनी पदर तोंडाला लावला. मग सगळं बाहेर आलं. सख्खी बहीण, तिला बी दम लागतो, तिला बी घेरी येते. आपल्याला ज्याचा गुण आला ते तिला नको द्यायला? तिन्ही वेळा आपल्या बरोबरीनं, मोजून तेवढेच थेंब तिला देत होत्या, आणि डॉक्टरांच्या दोऱ्याला कळू नये म्हणून बाटलीत तेवढं पाणी घालत होत्या. “पर डॉक्टर,” त्या रडत म्हणाल्या, “एका आईचं दूध प्यालोय आमी. मला जे अमृत झालं ते तिला इख कसं हुईल? औषधानं कुणी मरतंय व्हय?”

ह्यावर डॉक्टर ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. खाली त्यांच्यासमोर बसले. “आत्याबाई, तुमचं काळीज उधळलेल्या बैलासारखं पळत होतं. त्याला मी दोरी लावून ओढलं, तेव्हा ते चालायला लागलं. त्यांचं काळीज मुळातच सावकाश चालणारं. म्हणून तर घेरी येते. चालत्या बैलाला तेवढ्याच जोरानं ओढलंत, तर तो उभा राहणार. थेंब तेवढेच होते, पण काळजाची चाल वेगळी होती. भात पिवळा दिसला, तोही ह्याच औषधामुळं.” आणि मग म्हणाले, “मी काय खाल्लं ते विचारलं. औषध काय घेतलं ते विचारायचं मला सुचलं नाही. रोज ह्या घरात येतोय, आणि आत दुसरं दुखणं बसलंय हे मला दिसलं नाही. कण्हेर काय आणि माझं औषध काय, दोघांची विषं एकाच वळणाची. मी झाडाकडे बघत बसलो.”

पेटी आली. त्यांनी मावशीला सुई टोचली, काळजाला जरा पळवणारी. तेही विषच आहे असं त्यांनी मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. संध्याकाळपर्यंत तिच्या उशाशी बसून होते. दिवेलागणीला मावशीनं पाणी मागितलं, आणि ते पोटात राहिलं. ती वाचली, पुढे चांगली सहा-सात वर्षं जगली, आणि चिकोडीला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली की भात पिवळाच होता.

निघताना डॉक्टर माझ्यासमोर उभे राहिले. सगळे होते, आत्ती, हे, शेजारच्या दोघीतिघी. मला वाटलं, आता काही चार शब्द बोलतील. ते म्हणाले, “शहापूरकर, मी तुझ्यावर संशय घेतला. पुन्हा तसंच दिसलं तर पुन्हा घेईन.” आणि नवी बाटली माझ्या हातात दिली. “आजपासून ह्यांचे थेंब तू द्यायचे.”

शेजारीण पुटपुटली, “हिच्या हातात?”

“हिच्याच,” डॉक्टर म्हणाले. “हिला मी तपासलंय. बाकी कुणाला अजून तपासलेलं नाही.”

मी त्यांना त्या दिवशी चहा विचारला नाही. फार राग होता. ज्या माणसानं सकाळी मला फौजदाराकडे पाठवायला काढलं, त्यानं संध्याकाळी विषाची बाटली माझ्या हाती द्यावी आणि मी ती कपाळाला लावावी, एवढी मी साधी नव्हते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ह्यांनी म्हटलं, “मला ठावं हुतं, तू असलं काय करणार न्हाईस.” तेव्हा मला पहिल्यांदा बघू डॉक्टरांची किंमत कळली. त्यांनी संशय घेतला, तो तोंडावर बोलून दाखवला, राखेत हात घातला, आणि खोटा ठरला तेव्हा तेही तोंडावर सांगितलं. ह्यांनी संशय घेतला आणि गवताच्या गंजीमागं दाबून ठेवला. प्रेमानं दाबला, हे मी नाकारत नाही. बायको खुनी असली तरी तिला पाठीशी घालायला हा माणूस तयार होता. असा नवरा किती जणींना मिळतो? पण तो मला खुनी धरून चालला होता, त्याचं काय करू?

परड्यातल्या त्या बुंध्याबद्दल नंतर कुणीच बोललं नाही. डॉक्टरांनीही नाही. जो माणूस कोंबड्यांचं खुराडं सोडत नव्हता, त्यानं ताज्या चिकाच्या त्या बुंध्याबद्दल अण्णांना पुढचा प्रश्न विचारला नाही. परड्यातून येता-जाता ते त्याच्या बाजूनं जात, आणि तेवढ्यापुरते दुसरीकडे बघत.

पुढे त्यांनी मला नाडी बघायला शिकवली. थेंब द्यायच्या आधी आत्तींचं मनगट धरायचं. नाडी फार खाली गेली असेल तर थेंब द्यायचे नाहीत, मग आत्ती कितीही बोलोत. “आणि खाली गेलेली नाडी एकदम वर उडाली, तरीही थांब,” ते म्हणायचे. “लोक तिथंच फसतात. आजार परत आला असं वाटतं, आणि घाबरून आणखी देतात. तो आजार नसतो, ते औषधच उलटलेलं असतं. नाडी खाली गेली तरी शंका घे, वर आली तरी घे. बरी वाटली तर जास्तच घे.” एकदा आत्तींची नाडी मला मंद वाटली, मध्येच दोन-दोन ठोके जोडीनं येऊन थांबत होते. मी थेंब बंद केले. आत्तींनी घर डोक्यावर घेतलं, सून औषध देत नाही म्हणून गल्लीला सांगितलं. डॉक्टर आले, दोन्ही मनगटं बघितली, नळी लावली. मग मला म्हणाले, “बरं केलंस.” त्यांच्या तोंडून एवढं कौतुक निपाणीत दुसऱ्या कुणी ऐकल्याचं मला माहीत नाही. पुढच्या दाराकडे बसलेल्या बायका त्या दिवशी लवकर घरी गेल्या.

आत्ती त्या औषधावर बरीच वर्षं जगल्या. शेवटी गेल्या त्या साध्या तापानं. मरताना त्यांनी माझा हात धरला होता, आणि मी सवयीनं त्यांचं मनगट.

स्वातंत्र्य आलं त्या सुमाराला डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. त्यांचंच काळीज थकलं होतं. मुलगी येऊन त्यांना बेळगावला घेऊन गेली. मी माहेरी शहापूरला गेले की त्यांच्याकडे जायची. खुर्चीत बसलेले असायचे, पाय सुजलेले, आणि समोर मेजावर तसलीच तपकिरी बाटली. कॅम्पातल्या एका तरुण डॉक्टरानं दिलेली. “हुशार मुलगा आहे,” ते म्हणायचे, “पण त्याला कशाची शंकाच येत नाही.” आणि हात पुढे करायचे. “तू बघ.” मी दोन्ही मनगटं बघायची आणि जे असेल ते सांगायची. लेकीला त्याचं जरा वाईट वाटायचं. मला मात्र तिथं बसलं की बरं वाटायचं, जिथं काही लपवायचं नसतं तिथं वाटतं तसं.

शेवटच्या वेळी मी गेले तेव्हा लेक आत चहा करत होती. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, “डॉक्टर, त्या दिवशी कण्हेरीचं झाड ह्यांनी का तोडलं, हे तुम्ही विचारलं नाहीत.”

“उत्तर मला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “तुला ठाऊक आहे का, एवढीच शंका होती. नसेल, तर माझ्या तोंडून कळायला नको होतं.”

“मला तेव्हाच कळलं होतं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या डोळ्यांत मी कधी पाणी बघितलं नव्हतं. “आणि तू इतकी वर्षं काही बोलली नाहीस?”

“संसार चालला होता की. चालतंय ते चालू दिलं.”

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. नाडी बघायला नव्हे. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी तो सोडला, आणि कपाकडे बघून तिला म्हणाले, “दूध कुठलं आहे?”

ते गेल्याचं आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं, बेळगावहून आलेल्या कुणी वखारीत सांगितलं म्हणून. हे दुपारी जेवायला आले, पाटावर बसले, आणि मग सांगितलं. माझे हात थांबले. मी पदरानं डोळे पुसले. ह्यांनी आत्तींची आठवण काढली, मावशीची काढली. मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, “माणूस देवासारखा. पर लई संशयी.”

मी व्हय म्हटलं, आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली.